बर्फावरून नेलेली घरं

अबुधाबीत कामावर जाताना बसमध्ये एक काका रोज माझ्या शेजारी बसायचे. रत्नागिरीकडचे, तसे अबोल. मुलगी कॅनडाला एका नदीकाठच्या गावात नर्स म्हणून गेली, तेव्हापासून मात्र त्या गावाबद्दल सांगताना थकत नसत. डब्याच्या झाकणावर बोटाने नदी काढायचे. पूर्वी अलीकडे गाव होतं, पलीकडे नुसती गव्हाची शेतं.

"पण रेल्वे आली ती पलीकडच्या काठाने. मग काय, नदी गोठल्यावर लोकांनी घरांना घोडे जुंपले आणि बर्फावरून ओढत पलीकडे नेली."

"अख्खी घरं?"

"अख्खी. चुलीसकट."

गेल्या आठवड्यात त्यांची इथली नोकरी संपली. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "गावी जायचं पॅकिंग झालं?"

"खलास." झाकणावरून त्यांनी सवयीने बोट फिरवलं. "सगळा संसार विमानाच्या तीस किलोत बसला."