तिची पाठमोरी चाल

बायको गेल्यावर तिचे कपडे मी कुणाला वाटू दिले नाहीत. लेक म्हणाली, देवळात एक बाई कपडे गोळा करते, देऊन टाकू. मी नाही म्हणालो. का, ते सांगितलं नाही. कारणं देत बसायची मला सवय नाही. चिंचवडला पिठाची गिरणी चालवली तेव्हाही गिऱ्हाइकाला मी कधी कारण दिलं नाही. आज दळण मिळणार नाही म्हणजे नाही.

आणि मग थंडी सरल्यावर तीच लेक माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पाठीमागं तिची ती अमेरिकन मैत्रीण.

"बाबा, आईचा तपकिरी स्वेटर हवाय. आणि तिचे चालायचे बूट."

"कशाला?"

"शूटिंगला. एक काकू आहेत, आईच्याच उंचीच्या. त्या घालतील. फक्त पाठमोऱ्या दिसणार आहेत, चेहरा नाही."

मी कपाटापुढं खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसलो.

हे शूटिंग काय होतं ते सांगायला पाहिजे. माझी लेक इंजिनिअर. मी चौथी पास, पण तिला शिकवलं. ती अमेरिकेत फ्रीमाँटला आली, कंपनीत लागली, घर घेतलं, आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मग कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली, त्यात तिची नोकरी गेली. दुसरी शोधायची सोडून तिनं कॅमेरा घेतला. ही मैत्रीण उंच, केस पिकलेली, आधी टीव्हीवाल्यांकडं कामाला होती. दोघींनी ठरवलं की शहरातल्या बायकांना रानात न्यायचं, चालवायचं, आणि बाई रानात एकटी चालते तेव्हा तिला काय होतं त्याची फिल्म करायची.

"काय होतं?" मी विचारलं होतं. "पाय दुखतात."

जावई हसला होता. लेक नाही हसली.

एक नर्स, एक म्हातारी शाळामास्तरीण अशा बायका त्यांनी नेल्या. मग माझ्या बायकोला विचारलं. ती माझ्याकडं आली. "अहो, पोरगी बोलावतेय, जाऊ का?" मी म्हणालो, "जा. मी नाही येणार. झाडं बघायला अमेरिकेत यायची गरज नव्हती." ती गेली. मी घरी ब्रेड खाऊन राहिलो आणि ब्रेडचा राग तिच्यावर धरला. परत आली तेव्हा विचारलं, "काय बघितलंस?"

"झाडं."

आमचं बोलणं एवढंच. पुढच्या खेपेला तिनं मला विचारलं नाही. पिशवी भरून दाराशी ठेवलेली मला दिसली. त्यानंतरच्या थंडीत तिचं हृदय बंद पडलं. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

फिल्म निम्म्याच्या वर झाली होती. तिचं रानातच खुर्चीत बसून बोललेलं सगळं नीट होतं. पण रानात चालतानाची टेप लावली तर पडद्यावर नुसते चौकोन आणि रेघा. टेपच खराब निघाली होती. आता ती परत जाऊन चालणार थोडीच? म्हणून ही दुसरी बाई, आणि म्हणून स्वेटर.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"बाबा, सगळे असंच करतात. पाठमोरा शॉट असतो, वर आईचा आवाज असेल."

"सगळे करतात म्हणून खोटं खरं होत नाही."

ती जमिनीवर बसली, माझ्या पायापाशी. लहानपणी फीचे पैसे मागायला अशीच बसायची. "चालतानाचं काही नसेल तर आईला फिल्ममध्ये ठेवता येत नाही, बाबा. नुसती खुर्चीत बसलेली बाई त्या फिल्ममध्ये शोभत नाही. नर्स राहील, टीचर राहील, आई जाईल."

मी काठी उचलून गुडघ्यांवर आडवी घेतली. मग म्हणालो, "मी बरोबर येणार. आणि तुझी ती बाई हिच्यासारखी चालली नाही तर तो तुकडा लावायचा नाही. मी सांगेन, लाव की लावू नको."

तिनं मैत्रिणीला इंग्रजीत सांगितलं. मैत्रिणीनं माझ्याकडं बघून मान हलवली. "ओके, बाबा," लेक म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं."

तेव्हा मी खुर्ची बाजूला घेतली.

ती काकू नागपूरची, आमच्या मराठी मंडळातली. गाडीत बसल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं. फ्रीवे संपला, डोंगर लागला, माझ्या कानांना दडे बसले, तरी ती बोलतच होती. "भाऊजी, तुमच्या मिसेस फार शांत होत्या बरं. मी इतकी शांत राहिली तर आमचे हे डॉक्टरला फोन करतील!"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं फार नव्हतं. आभाळ राखेसारखं. एका अख्ख्या उतारावर जळालेली झाडं उभी होती, काळी, फांद्या नसलेली. पुढं जंगल लागलं ते हिरवं होतं, पण झाडांखाली मळलेला बर्फ साचलेला, पोत्यातून सांडलेल्या जुन्या पिठासारखा. ही इथं दोनदा आली होती. इथं तिला काय सापडलं असेल ते मला कळेना. आमच्या भोरकडच्या डोंगरात रान म्हणजे करवंदं, जांभळं, वानरं, माणसांचे आवाज. इथं नुसते सरळ उभे खांब आणि ओढ्याचा आवाज. त्या आवाजावरही मैत्रीण वैतागलेली. माइक हातात घेऊन ती इकडून तिकडं फिरत होती.

जंगल खात्याकडून एका दिवसाचीच परवानगी होती. घाई होती. काकूंनी झाडामागं जाऊन स्वेटर चढवला, बूट घातले, साडी थोडी वर खोचली, डोक्याला रुमाल बांधला, अगदी ही बांधायची तसा. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि मी एक पाऊल पुढं टाकलं. क्षणभर हाक मारणार होतो.

मग त्या चालल्या, आणि ते मोडलं.

"नाही," मी म्हणालो.

परत चालल्या.

"नाही. अशी नव्हती चालत ती. हे बाजारात निघाल्यासारखं आहे."

"बरं बापा, हळू चालते."

"आता देवळात निघाल्यासारखं झालं."

मैत्रिणीला मराठीतला एकच शब्द येत होता. ती दर वेळी कॅमेऱ्यामागून विचारायची, "काका, ओके?" मी दर वेळी हात हलवायचो. लेकीचा चेहरा ताणत चालला होता. तरी ती मला काही बोलली नाही. शब्द दिला होता ना. मी एका ओंडक्यावर काठी धरून बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला काही विचारत होतं.

शेवटी काकू दमल्या. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "अहो भाऊजी, आता तुम्हीच एकदा चालून दाखवा! मी कधीची हे रान तुडवून राहिली."

"हो, बाबा," लेक म्हणाली. "दाखवा ना. कशी चालायची आई? पाय कसा टाकायची? लाइट जातोय."

मी उठलो. पायवाटेच्या तोंडाशी गेलो. काठी डाव्या हातात घेतली आणि आठवायला लागलो.

आठवला तो आवाज. चपलेची फटफट, बांगड्या, मधूनच खाकरणं, "अहो, जरा हळू." त्या आवाजावरून ती किती अंतरावर आहे ते मी न वळता सांगू शकलो असतो. पण वळलो नव्हतो. आमच्या डोंगरात वाटेनं पुरुष पुढं चालायचा, हातात काठी घेऊन. साप असो, काटा असो, आधी त्यानं झेलायचा. बाई मागं. माझा बाप तसा चालला, मी तसा चाललो. चिंचवडला साप नव्हते, तरी मी पुढंच. इथं फ्रीमाँटला तळ्याभोवतीच्या सिमेंटच्या वाटेवरही मी पुढं आणि ती मागं. ती चुलीपुढं कशी बसायची, कशी वाकायची, दारात कशी उभी राहायची, सगळं मला पाठ होतं. समोरून येताना दिसायची, पण समोरून येणारं माणूस वेगळं. पाठमोरी, आपल्या चालीनं, दूर जाणारी ती मी पाहिलीच नव्हती. एकदाच ती माझ्या पुढं होती. दवाखान्यात, चाकाच्या खाटेवर. तेव्हा चालत होती ती नर्स.

"बाबा?"

"पायात गोळा आलाय," मी म्हणालो.

काकू हसायला लागल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "अगं पोरी, यांना कसं ठाऊक असणार! हे पुढं चालणारे लोक. आमचे हे तर मॉलमध्येसुद्धा पुढं. एकदा मी भलत्याच माणसामागं पार्किंगपर्यंत गेली! त्याच्या गाडीत बसणार, तेव्हा लक्षात आलं."

लेक हसली. मैत्रिणीनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा लेकीनं तिला इंग्रजीत सांगितलं, हसत हसतच. मैत्रीण हसली नाही. ती माझ्याकडं बघायला लागली. तिचं ते बघणं मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. मला कुणाची कीव नको होती. मी परत ओंडक्यावर जाऊन बसलो.

मी काही वावगं केलं असं मला आजही वाटत नाही. पुढचा काटा पुढच्याच्या पायात जातो. माझ्या पायात गेलेत, तिच्या एकही नाही. पण ते त्या वेळी कुणाला सांगणार?

मग लेक काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "बघा काकू. आई उजवा पाय जरा बाहेर टाकायची. घाई नसायची. थोडं चालली की थांबायची, वर बघायची, मग पदर खांद्यावर घ्यायची आणि परत चालायची. हात मागं असे, एकात एक."

"हात मागं?" मी विचारलं.

"हो, बाबा. इथं आली की हात मागं बांधायची."

हात मागं बांधून चालणं म्हणजे आमच्या गावात पाटील चालायचा. बायकोच्या हातात मी कायम काहीतरी पाहिलं होतं. पिशवी, कळशी, पोर. लेक चालून दाखवत होती. उजवा पाय बाहेर, थांबणं, वर बघणं. काकू तिच्यामागून शिकत होत्या. मी डोळे ताणून बघत होतो. हे माझ्या ओळखीचं निघावं, कुठूनतरी आत हलावं, म्हणून बघत होतो. काही हललं नाही. एका बाईची चाल होती. कुणाचीही असती.

काकू तशा चालल्या. मैत्रिणीनं शॉट घेतला. या वेळी "काका, ओके?" असं तिनं विचारलं नाही.

परतताना गाडीत काकू झोपल्या.

पुढं काही दिवसांनी लेकीनं मला गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी बाहेर काढून तिथं त्यांनी टेबल, स्टूल, कॉम्प्युटर, दोन स्पीकर मांडले होते. मैत्रीण आलेली नव्हती.

"बाबा, ठरलं होतं ना, तुम्ही सांगाल म्हणून. बघा."

मला वाटलं होतं, ती विसरली असेल. विसरली असती तर बरं झालं असतं.

पडद्यावर झाडं आली, मळका बर्फ आला आणि तपकिरी स्वेटर चालायला लागला, हात मागं. त्यावर हिचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, थोडा हसरा. "आमच्याकडं रानात जायचं म्हणजे लाकडं आणायला. नुसतं चालायला कोण जातंय!" मध्ये जरा थांबली. लेकीनं काहीतरी विचारलं असेल, ते कापलेलं होतं. मग म्हणाली, "इथं पुढं कुणी नाही. नुसती झाडं. बरं वाटतं."

लेकीनं पटकन बटण दाबून चित्र थांबवलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते शेवटचं काढता येईल, बाबा. त्याच्याशिवायही जमतं."

"परत लाव."

तिनं लावलं. मी डोळे मिटून ऐकलं. मग उघडून बघितलं. हिच्या पुढं कोण असायचं ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी खरंच काढेन सगळं. मी शब्द दिलाय."

नाही म्हणणं माझ्या हातात होतं. आयुष्यभर मला तेवढं एक चांगलं जमलं. एक शब्द बोललो असतो तर त्या रानातून ती गेली असती आणि नर्स आणि मास्तरीण राहिल्या असत्या. पण नाही म्हणायचं तर ही तिची चाल नाही असं म्हणायला हवं होतं. ते मी कशाच्या जोरावर म्हणणार?

"ठेव," मी म्हणालो. "सगळं ठेव. बोललेलंही. एक शब्द काढू नको."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना."

तिनं डोळे पुसले आणि चित्र पुढं सोडलं. स्वेटर चालत राहिला. थांबला, वर बघितलं, पदर खांद्यावर घेतला, परत निघाला. झाडं दाट होत गेली, ती लहान होत गेली. मी स्टूल आणखी पुढं ओढलं. काकूंना लेकीनं माझ्यासमोरच बजावलं होतं की काही झालं तरी वळायचं नाही, चेहरा दिसेल. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी ती झाडांत दिसेनाशी होईपर्यंत मी ती वळते का ते बघत राहिलो.