दोन बोटं पाणी

सखाराम नाना पाटकरी. धुळ्यातल्या आमच्या वाचनालयाचे शिपाई. एकोणीसशे सदतीस साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान मी त्यांचा घात केला. चार वर्षं झाली. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. तुमच्यापैकी कित्येकांनी ती वाचली असतील. गिरणीमालकांवर लिहिलं, म्युनिसिपालिटीवर लिहिलं, शेवटी ठळक टायपात ‘उत्तर द्या!’ असं छापलं. मला कोणी उत्तर मागितलं नाही — मग मी कशाला आपण होऊन देईन?

वाचनालयाच्या अध्यक्षांनी, ते वकील, मुंबईहून एक काचेची पेटी आणवली होती. तळाशी बारीक खडी, आत सहा लाल मासे. मी तिला ‘वकिलांचा दरबार’ म्हणत असे. नाना हसत, पण पेटीला जीव लावत. वाचनालयात येण्याआधी वीस वर्षं ते पांझरेकाठच्या आपल्या गावी पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेताशेतांत पाळीपाळीने सोडणारा माणूस तो पाटकरी. ज्याच्या हातून पाणी सांडत नाही, अशालाच गाव नेमतं.

खडी साफ करायची त्यांची रीत मी कितीदा तरी पाहिली होती. कंदिलाची जुनी काच, तिच्या वरच्या तोंडाला बसवलेली दवाखान्यातली रबरी नळी. काच खडीत रोवायची, नळी तोंडाने ओढून खालच्या बादलीत सोडायची. काचेत खडी नाचते आणि परत खाली बसते, घाण तेवढी वर चढून निघून जाते. पेटीतलं पाणी दोन बोटं उतरलं की अंगठा दाबायचा. मग बादलीतला गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी पुन्हा पेटीत. गाळ जास्वंदीला. तांब्याभरही वाया नाही. “मासाले जुनं पानी लागस, भाऊ,” ते म्हणत. “पानीले हात लावू नको, गाळले उचल.”

त्या दिवशी त्यांची लेक पारोळ्याहून आखाजीला माहेरी येणार होती. मोटार यायची वेळ झाली आणि खडी अर्धीच झाली होती. त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

“दोन बोटं उतरनं का अंगठा दाब, दिनकरभाऊ. ध्यान ठेव बरं. तू बोलाले लागना का थांबत नही, तसंच ते बी!”

मी हसून हो म्हटलं.

माझ्या खिशात छापखान्याचं कच्चं मुद्रित होतं. पत्रकाचं नाव — काय सांगू तुम्हाला — ‘पाणी कुणाचं?’. म्हटलं, एक नजर टाकू. नळी बादलीच्या कडीला अडकवली आणि चुका काढत बसलो. पाय ओले झाले तेव्हा मान वर केली. बादली वाहून पाणी उंबऱ्याबाहेर गेलं होतं. पेटीत बोटभर पाणी, मासे आडवे, कल्ले उघडमीट करत होते. मी काय केलं? मागच्या आडातून गार पाणी ओढलं आणि घागरीवर घागर तशीच ओतली. पेटी भरली. नळी खुंटीला लावली. आणि नाना यायच्या आत निघून गेलो.

सकाळी सहाही मासे पालथे तरंगत होते.

कमिटी बसली. मीही सभासद, तिसऱ्या खुर्चीवर होतो. वकीलसाहेब कडाडले, “आखाजीची एवढी घाई होती तर कामाला हात कशाला लावला?” नानांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं — ते वाट पाहत होते. मी टेबलावरची दौत पाहत राहिलो. मग तेच म्हणाले, “रबर मन्हा ताबामा व्हतं, साहेब. चूक मन्ही शे.”

त्यांना काढून टाकलं. गप्प बसलो, हा भित्रेपणा झाला. पण तुम्हाला वाटत असेल की कबुली इथे संपली — नाही. खरं पुढेच आहे. ते सांगायच्या आधी मी अजून दोन ओळी घुटमळतोय, यावरून ओळखा.

चार दिवसांनी मी त्या मुद्रितात एक परिच्छेद घातला. स्वतःच्या हाताने. ‘गरिबाच्या घरी पिण्याला घागर नाही आणि इथे बाबू लोकांच्या माशांपायी एका बेपर्वा शिपायाने पेटीभर पाणी गटारात सोडले!’ बेपर्वा. हा शब्द मी आधी खोडला होता. मग वाक्य बोथट वाटलं म्हणून पुन्हा घातला. वाक्य चांगलं वठलं, याचा मला आनंद झाला होता. माझ्यासाठी नाना तेव्हा माणूस नव्हते — दाखला होते.

पुढल्या वर्षी त्यांच्या गावी पाटकरी नेमायचा होता. नानांचं नाव निघालं. आमच्याच एका कार्यकर्त्याने बंधाऱ्यावर, सगळ्या गावासमोर माझं पत्रक वाचून दाखवलं; तो शिपाई म्हणजे हेच नाना आणि सहाही मासे मेले, हेही सांगितलं. नंतर मला कौतुकाने सांगायला आला, “काय परिणाम झाला म्हणता! एक म्हातारा तर उठून म्हणाला, ज्यानी सहा मासा मारात, तो आमना ऊस काय जगाडी?” नाना उठून गेले म्हणे. पाणी दुसऱ्याच्या हाती गेलं.

तेव्हाही मी बोललो नाही. तरुण होतो, चळवळीचं नाव जाईल — असली कारणं माझ्यापाशी पुष्कळ होती. ती मी इथे लिहीत नाही.

तुम्ही हा कागद घडी करून खिशात घालू नका. पांझरेकाठी जा. बंधाऱ्यावर पाळी ठरवायला गाव जमतं, तिथे उभे राहा. जिथे ते पत्रक वाचलं, तिथेच हे वाचा, तेवढ्याच मोठ्याने. नाना बसलेले असतील तर त्यांच्या देखत वाचा. आणि पाणी सांडणाऱ्याचं नाव दिनकर होतं, हे सगळ्यात आधी सांगा.