टाकी वर येईना

सारंगखेड्याहून दोन कोसांवर, तापीकाठी आमचं गाव. तिथल्या धुडकू आप्पांना निवांत बसलेलं पाहिल्याचा दावा गावात कुणीच करत नसे. गाडी जुंपली तरी ते तीत न बसता बैलांच्या पुढे चालत. बैल फार विचार करून पाय टाकतात, ही त्यांची तक्रार.

त्रेसष्ट साली नवापूरकडचा सुरुपसिंग ग्रामसेवक म्हणून गावात आला. त्याच्यामागे उद्दिष्ट लागलेलं. वर्षभरात तालुक्यात गोबरगॅसच्या दहा टाक्या, आणि दसऱ्यापर्यंत आकडा शून्य. गावानं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि सरकार आता शेणही मागायला लागलं म्हणून हसून घेतलं. आप्पा मात्र त्याचं बोलणं संपायच्या आत कुदळ घेऊन खड्डा आखायला गेले.

कारण होत्या नर्मदाबाई. तीस वर्षं चूल फुंकून त्यांचे डोळे कायम लाल. ते आप्पांना बघवत नसे. पण बायकोला असलं कुणी सांगतं का? देशाचं काम आहे, असं सांगितलं.

विहिरीसारखा खड्डा झाला, त्यात शेणकाला आणि त्यावर पालथी लोखंडी टाकी. खाली वायू साठला की टाकी वर उचलणार, आणि नळीतून वायू स्वयंपाकघरातल्या शेगडीत येणार. दिवाळीनंतर घरातलं सगळं शेण खड्ड्यात जाऊ लागलं. गोवऱ्या बंद. नर्मदाबाई कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाकरी भाजू लागल्या आणि धूर दुप्पट झाला. त्यांनी मुदत घातली: सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा उठेपर्यंत वाट बघेन, मग शेण पुन्हा गोवऱ्यांना आणि तुमच्या खड्ड्यात मिरचीची रोपं.

जत्रा तोंडावर आली, टाकी जागची हलेना. आप्पा तर घटकाभर जागेवर ठरेनात. खड्ड्याशी जात, टाकीवर टिचकी मारत, आत येऊन शेगडीचा कॉक उघडून हुंगत, काडी ओढत. भप्प होई आणि विझे. पुन्हा खड्ड्याकडे. सुरुपसिंग सांगे की थंडीत वेळ लागतो. गाव सांगे की आप्पांच्या म्हशींनाच देशाची काळजी नाही.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळपासून नर्मदाबाईंनी मोजलं. दुपारपर्यंत कॉक अकरा वेळा उघडला होता.

"दूध इरजन घालं आनि घडीघडी बोट बुडाईसन दखं, ते दही लागी का?" त्यांनी विचारलं.

आप्पांचा हात कॉकवरच थांबला.

"तुम्ही घरमा ऱ्हातस, म्हनीसन टाकी भरत नही. जत्राले जा. पाच दिन घर येवानं नही."

आप्पा गेले. लाखमोलाचे घोडे नाचत होते; आप्पांचं लक्ष गावाकडून येणाऱ्या गाड्यांकडे. आमची टाकी दिसली का, असं ते गाडीवानांना विचारत. एका व्यापाऱ्यानं घोड्याचे दात दाखवले, तर आप्पांनी त्यालाच शेणकाला कसा कालवायचा ते सांगितलं. घोड्याची लीद चालेल का, एवढंच त्यानं विचारलं.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांना राहवेना. शेतातून वाट काढत ते घराशी आले आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाआड लपले. टाकी चांगली हातभर वर आली होती. आप्पांनी आपला उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला.

"पागोटं दखाई ऱ्हायनं तुमनं," नर्मदाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "या आते."

सुरुपसिंगला बोलावणं गेलं. नर्मदाबाईंनीच कॉक फिरवला, काडी लावली. निळी ज्योत पेटली आणि राहिली. त्यांनी सवयीनं तोंड पुढं करून फुंकर घालायला गाल फुगवले, मग स्वतःशीच हसल्या आणि चहा ठेवला. तो उकळला तरी डोळ्यांना पदर लावावा लागला नाही. सुरुपसिंगनं वहीत एकाचा आकडा लिहिला आणि तो पुन्हा पुन्हा गिरवला.

"नऊ ऱ्हायन्यात," आप्पा म्हणाले आणि उठलेच. लोणखेड्याला त्यांचे व्याही होते, त्यांच्या गोठ्यात चौदा जनावरं. कप तसाच ठेवून ते निघाले.

नर्मदाबाईंनी तो चहा स्वतःच पिऊन टाकला. मग गोठ्यातून शेणाची पाटी उचलली आणि गोवऱ्यांच्या जागेवरून पुढे, सरळ खड्ड्याशी नेली.