तिसरी हाक

आमच्या घराण्यात भुताला कुणी भीत नाही. आम्ही फक्त त्याला ओ देत नाही.

पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हापासूनचा हा नियम. रानात, धुक्यात कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना गप्प राहायचं. भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी मारतो तो माणूस. (हा नियम भुतांना कुणी कळवला, असं मी लहानपणी विचारलं होतं. आत्याने धपाटा घातला.)

तर यंदा पाऊस सरता सरता मी, माझी बायको मालती आणि पंचाहत्तरीची हीच आत्या, असे गोपाळस्वामी बेट्टावर, म्हणजे त्या नावाच्या डोंगरावर, फिरायला गेलो. आपली गाडी पायथ्याशी ठेवून सरकारी बसने वर जायचं. उतरताना कंडक्टरने कन्नडमध्ये बजावलं, “शेवटची बस चुकली, तर मग डोंगर हत्तींचा!”

वर छान ऊन होतं. खाली निळे डोंगर, कुरणात चितळं. मालती देवळात पूजेच्या रांगेत उभी राहिली आणि मी आत्याला हत्ती दाखवायला देवळामागच्या उतारावर नेलं.

“आने कुठंय रे, दत्तू? हत्ती हत्ती म्हणालास, इथं लीदसुद्धा नाही! सुम्मने, उगाच चालवतोस मला.”

“दिसेल गं, जरा दम धर.”

आणि धुकं आलं. आधी दरी गेली, मग चितळं, मग देवळाचं शिखर आणि शेवटी आत्याचा चेहराही गेला! उरला फक्त माझ्या हातातला तिचा हात, गार आणि ओला. वारा पडला. देवळातली घंटा एकदा वाजली, पण कुठल्या बाजूला ते कळेना. चाचपडत आम्ही एका मोठ्या काळ्या खडकाच्या आडोशाला उभे राहिलो.

“अहोऽऽ!”

बाईचा आवाज. बारीक, लांबून आलेला. थोड्या वेळाने पुन्हा, जवळून, “अहोऽऽ!”

मी तोंड उघडलं, तोच आत्याने त्यावर हात दाबला. “बेडा, बेडा! ओ देऊ नको. तिसरी येऊ दे.”

आम्ही कान देऊन थांबलो. तिसरी आलीच नाही.

“आत्या, मालतीच असेल गं!”

“मग दोनच हाकांवर थांबली कशाला?”

“पण या कानडी डोंगरावर मराठीत ‘अहो’ दुसरं कोण म्हणणार?”

आत्या अगदी शांतपणे म्हणाली, “आपल्या घोडदळातले कितीतरी या वाटेनं गेले, ते परत आले नाहीत. त्यांच्या बायका हाक मारत असतील.”

तेवढ्यात लांबून बसचा हॉर्न ऐकू आला आणि मला भुतापेक्षा मालतीची भीती वाटायला लागली. ती एकटी या धुक्यात, आणि बस निघण्याच्या बेतात! मग मी आमच्या नियमाने, स्वच्छ, मोजून हाका मारल्या. “मालती! मालती! मालती!”

उत्तरादाखल चपलांचा फटफट आवाज आला. तो लांब लांब जात विरून गेला.

“बघ, पळालं!” आत्या खूश झाली.

इतक्यात आमच्यामागे कुणीतरी मोठ्ठा सुस्कारा टाकला.

“आत्या, दमलीस का गं?”

“मी कुठं? मला वाटलं तूच.”

दोघांनी हळूच मागे पाहिलं. खडकाने कान हलवला.

आत्या कुजबुजली, “दाखवलास हो, दत्तू. पोचली मला आने.”

पुढे मी जे केलं त्याला पळणं म्हणत नाहीत, कारण पळणारी आत्या होती. मी तिच्या हाताला लोंबकळत होतो. “मालती मालती मालती मालतीऽऽ!” घराणं, घोडदळ, नियम, सगळं धुक्यात गेलं. कुणीतरी माझी कॉलर धरली. मी किंचाळलो.

“अहो, मीच! किती बोंबलताय?” हातात प्रसाद घेऊन मालती उभी होती. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात जाळ.

“तू दोनच हाका का मारल्यास?”

“तीन तिगाडा, काम बिगाडा! आमच्या माहेरी तिसरी हाक कुणी मारत नाही. तिसरी मारतं ते भूत! तुमच्या तीन ऐकल्या आणि मी पळत सुटले.”

“मग परत कशी आलीस?”

“चौथीपासनं कळलं. भूत कशाला एवढं घाबरेल? म्हटलं, हे आमचेच!”

पलीकडून कंडक्टरने एकच हाक मारली. आम्ही तिघंही एका सुरात ओरडलो, “बंद्वी! आलोऽऽ!” माणूस की भूत, हे कुणीच पाहत बसलं नाही.

आता म्हैसूरला, सरस्वतीपुरमच्या घरी मालती मला भाजी आणायला दोनदा हाक मारते आणि मी घराण्याचा मान राखून गप्प बसतो. जेवायला मात्र ती एकदाच बोलावते. परवा बिसीबेळे भात होता. तिची हाक पुरी व्हायच्या आत मी पाटावर! आत्या म्हणाली, “आपल्या घोडदळातले घोडेसुद्धा चंदीला इतक्या लवकर येत नसत.”