मोठीमायचा घाट

शेवटच्या काही वर्षांत मोठीमाय कधी नीट बसून जेवली, असं मला आठवत नाही. ती माझ्या थोरल्या काकांची बायको. हातात ताटली घ्यायची, दाराच्या चौकटीला टेकायची आणि बाहेर बघत बघत चार घास पोटात ढकलायची. कुणी पाट सरकवला तर म्हणायची, "बसलं का जीव घाबरते, बावा. उभ्यानंच बरं हाय."

ती पहिल्यापासून अशी नव्हती. आमचं गाव खैरघाट, वैनगंगेच्या अगदी काठावर. धानाची शेती नदीपलीकडं. काकांना पाण्याची भीती, त्यामुळं घरचा डोंगा मोठीमायच चालवायची. बांबू रेटत रेटत अर्ध्या गावाला तिनं पार नेलं असेल. बाजारच्या बाया, शाळेचे गुरुजी, कळा सुरू झालेली एक पोर, सगळी तिच्याच डोंग्यात बसायची. पलीकडच्या माणसाची वाट बघत ती घाटावर तासन्‌तास बसून राही. "पाण्यावर घाई करू नये, पाणी आयकत नाही," असं म्हणायची.

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत आलं. खैरघाट उठलं आणि आम्हाला आसगावच्या अलीकडं नवी वसाहत मिळाली. सरळ रस्ते, आकडे घातलेले प्लॉट. मोठीमाय सकाळी निघायची, वसाहतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. माझा चुलतभाऊ वसंता वैतागून विचारायचा, "कुठं जाऊन राहिली मा?" ती म्हणायची, "कुठंच नाही. पण बसून तरी का करू?"

माझी रत्नागिरीला बदली झाली, तेव्हा वसंता तिला आठ दिवसांसाठी माझ्याकडं सोडून गेला. समुद्र बघून ती हरखून जाईल असं मला वाटलं होतं. तिनं पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाली, "लय मोठा हाय. पण पार कुठं हाय याले?" पलीकडचा काठ दिसत नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रसच गेला. मग माझ्या दोन खोल्यांत ती येरझारा घालत राहिली. चौथ्या दिवशी मला ते बघवेना, म्हणून मी तिला जुन्या बंदराजवळच्या एका संग्रहालयात नेलं. एका गोदामात शहराच्या दर्यावर्दी दिवसांच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या.

नांगर, नकाशे, होकायंत्रं, कुठल्या कुठल्या व्यापाऱ्यांच्या पेट्या. मोठीमाय सगळ्यांच्या समोरून बाजारातून जावं तशी भरभर निघून गेली. मी मागून पाट्या वाचत होतो, ती पुढच्या दालनात पोचलेली असायची. शेवटच्या दालनात मात्र ती उभी राहिलेली दिसली. दोरीपलीकडं लाकडी ठोकळ्यांवर एक जुनी होडी ठेवली होती. तिच्या तळाला लांब चिरा गेल्या होत्या.

"याले काहून असं सुकवलं?" तिनं तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं. "आमी उन्हाळ्यात डोंगा पाण्यात बुडवून ठेवू. नाही तर लाकूड तडकते."

राखणदार आधी हसला. मग त्यानं विचारलं, "आजी, तुमची होडी होती?"

मोठीमायनं सांगायला सुरुवात केली. घाट कसा होता, कुठल्या दगडापाशी डोंगा बांधायचा, पाणी किती वाढलं की पलीकडं जायचं नाही, भोवरा कुठं. इतकं बोलताना मी तिला वसाहतीत कधी ऐकलं नव्हतं. राखणदारानं मधली दोरी सोडली. तिनं होडीच्या काठावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तो तिथंच ठेवला.

बाहेर पडताना भेटीची वही होती. मी तिचं नाव लिहिलं आणि पुढं सवयीनं वसाहतीचा पत्ता टाकला.

"गाव कोणतं लिवलं?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"खोड ते. खैरघाट लिव."

मी खोडून खैरघाट लिहिलं. राखणदारानं वाकून वाचलं. "हे कुठं आलं, आजी?"

"पाण्याखाली," ती म्हणाली आणि चपला घालू लागली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "त्यायनं त्यायच्या बंदराचं सारं जपून ठेवलं. आपल्या घाटाचं कोण ठेवन? तू लिवणारा हायस. मले एकडाव पाण्यावर ने. कुठं का होतं ते मी दाखवीन, तू कागदावर मांड." मी हो म्हणालो.

वसाहतीत परतल्यावर तिचे फोन सुरू झाले. "कधी येऊन राहिला?" दिवाळीत येतो म्हणालो, दिवाळीत साहेबांनी रजा दिली नाही. उन्हाळ्यात येतो म्हणालो, तेव्हा मुलीची परीक्षा निघाली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ये बावा. मले दिसते अजून सारं." पावसाळा संपता संपता ती गेली. वसंता सांगत होता, आदल्या संध्याकाळीसुद्धा ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली होती.

अस्थी खैरघाटलाच सोडायच्या, असं आम्ही ठरवलं. धरणाच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या एकाच्या नावेतून आम्ही निघालो. पाणी चहूकडं सारखंच पसरलं होतं. बऱ्याच आत गेल्यावर त्यानं विचारलं, "घाट कोन्या बाजूले होता? कुठं थांबवू?"

वसंतानं माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं पाहत राहिलो. नाववाला वाट बघत होता. शेवटी वसंताच हलक्या आवाजात म्हणाला, "थोडं पुढं घे." नाव पुढं गेली. त्यानं पुन्हा विचारलं आणि वसंता पुन्हा म्हणाला, "अजून थोडं."