सोनेरी रंग फासलेलं इंजिन

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी मी आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यक्रमाला गेले आणि फाटकातच थबकले. वर्कशॉपमधलं विमानाचं इंजिन बाहेर चौथऱ्यावर आणून ठेवलं होतं. त्याला वरपासून खालपर्यंत सोनेरी ऑइलपेंट फासला होता. मागे फलक होता, 'सेल्फी पॉइंट'.

महायुद्धातल्या डाकोटा विमानाचं ते इंजिन. शाफ्टभोवती दोन ओळींत गोल मांडलेले चौदा सिलिंडर. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आणि वर्कशॉपच्या अटेंडंटनं आठवडाभर हॅक्सॉ चालवून एका सिलिंडरला खिडकी कापली होती. शाफ्ट हातानं फिरवला की आतला पिस्टन वरखाली होताना दिसायचा. मागच्या बाकावरचेही उठून पुढे यायचे.

जवळ गेले तर भपकारा आला. सिलिंडर थंड राहावेत म्हणून त्यांना बाहेरून पातळ पात्या असतात. त्या पात्यांच्या फटींत सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकलेला. खालचा वाळलेला, वरचा ताजा, ओघळणारा. आम्ही कापलेल्या खिडकीत खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या कोंबलेल्या. शाफ्ट धरून पाहिला तर हलेना. त्याला लोखंडी पट्टी लावून ती स्टँडला वेल्ड केली होती.

तेवढ्यात अटेंडंट आला. तोही आता निवृत्तीला आलेला.

"हे कोणी केलं?"

"मलेच कराले लावलं जी मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "प्राचार्य म्हणे, कोणाचं बोट अटकलं तं? मी म्हटलं, मॅडमले इचारा. तं म्हणे, त्या आता कुठी शिकवून राहिल्या?"

प्राचार्य माझाच विद्यार्थी. हाच शाफ्ट फिरवून शिकलेला.

अटेंडंटनं बादली आणली. मी हातानंच पन्न्या उपसायला लागले. लाल पाणी कोपरापर्यंत आलं. दोनतीन विद्यार्थी हसत व्हिडिओ काढत होते. मग प्राचार्य आला.

"अहो मॅडम, राहू द्या ना, सफाईवाला करेल. चला, ग्रुप फोटो आहे. इंजिन मस्त दिसतंय ना आता?"

त्याला चार शब्द सुनावायचे होते. माझ्या तोंडून निघालं, "हो."

संध्याकाळी फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला. त्यात मी हसत होते. पदरावर लाल डाग आणि चेहऱ्यावर हसू. खर्र्याची आली नसेल इतकी किळस मला माझी आली. वेल्ड काढू द्या, असा मेसेज मी प्राचार्याला पाठवला. उत्तरात जोडलेले हात आले. मी ती परवानगी समजले.

रविवारी मी आणि अटेंडंटनं ग्राइंडरनं पट्टी कापली. शाफ्टला पाइप लावून दोघांनी जोर केला, पुन्हा केला. उघड्यावर ठेवल्यानं खिडकीतून पाणी जाऊन पिस्टन आत गंजून घट्ट बसला होता.

"आता नाही फिरत जी हे," तो म्हणाला आणि पाइप भिंतीशी टेकवून ठेवला.

आम्ही पात्या घासून धुतल्या, दुपारपर्यंत. घरी येऊन मी आधी त्या ग्रुपमधून बाहेर पडले, मग आंघोळीला गेले.