सुनंदाच्या दाराच्या तीन कड्या

देवाच्या गावात राहते म्हणून लोकांना वाटतं, मी असल्या गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवत असेन. उलट आहे. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर आमची रसवंती आहे. कुणाला साडेसाती, कुणाला बाधा, कुणाला स्वप्नं पडतात... बर्फ घालता घालता सगळं ऐकते आणि ग्लासभर उसाचा रस पाजून वाटेला लावते. दिसणं, भासणं, अंगात येणं – माझ्या लेखी ही सगळी उन्हाची आणि उपाशी पोटाची करामत. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आमच्या घराला दार नाही. गावची जुनी रीतच आहे ती. चौकट आहे, पडदा आहे, कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावायला एक फळी आहे. बाहेर पडताना 'येते गं' म्हणायचं आणि निघायचं. हे आधीच सांगते, कारण पुढे लागणार आहे.

गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवस नगरला गेले. शनिवार म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस, तरी नवऱ्यावर रसवंती सोपवून गेले. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी होतो – सुनंदा, हेमा आणि मी, शालन. हेमा श्रीरामपूरहून आली. सुनंदा सावेडीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा 'फ्लॅट विक आणि पुण्याला ये' म्हणून मागे लागलाय, पण ही त्या घरातून हलायला तयार नाही. खालच्या मजल्यावर चोरी झाली तेव्हापासून तिने दाराला आतून तीन कड्या बसवून घेतल्यात.

शनिवार कसा गेला कळलं नाही. भेळ खाल्ली, एकमेकींच्या डोक्याला तेल लावलं, रेक्टरबाईंच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसलो. कितीतरी वर्षांनी मी दुपारी झोपले. संध्याकाळी कचऱ्याची पिशवी टाकायला गेले आणि सवयीने दार सताड उघडं ठेवून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले. सुनंदाने चांगलीच हजेरी घेतली.

"शाले, हे शिंगणापूर नाही. इथे शनिदेव राखणीला नाहीत."

रविवारी सकाळी हेमा आणि मी वडे आणायला निघालो. सुनंदाला शुगर आहे. "इंजेक्शन घेतलंय गं, लवकर या," म्हणाली. आम्ही बाहेर पडलो आणि मागे कड्या लागल्या. एक, दोन, तीन. जिन्यात मी हेमाला म्हटलंसुद्धा, "हिच्या घरापरीस तुरुंग बरा."

गाडीवर गर्दी होती, वड्यांचा घाणा व्हायचा होता, त्यात आम्ही गप्पांत रमलो. पाऊण तास लागला. ती चूक आमचीच.

परत आलो तर दार उघडं. नुसतं उघडं नाही, पार भिंतीला टेकलेलं. हेमा हसली, "हिलाही तुझी सवय लागली वाटतं."

आत सुनंदा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती. दुधाचं पातेलं उपडं, साडी दुधाने चिंब, अंगाला दरदरून घाम. हाक मारली तरी ओ नाही. हेमाने तिच्या हिरड्यांना साखर चोळली. खालच्या मजल्यावरच्यांनी तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन घेऊन उपाशी राहिल्याने शुगर फार उतरली, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दार बंद असतं तर आम्ही बेल वाजवत, ती आंघोळीला गेली असेल म्हणत बाहेरच उभ्या राहिलो असतो. दुपारी ती बोलली तेव्हा मी रडले.

तिचे कपडे आणायला मी घरी गेले. समोरच्या काकू दारात बसल्या होत्या. मूळच्या पाथर्डीकडच्या, गुडघ्याने जेरीस आलेल्या. म्हणाल्या, "तुमी गेल्यावर मी हितंच मेथी निवडत हुते. आत भांडं पडलं. मंग कड्या वाजल्या, तिन्ही. दार उघडलं. कुनी दिसलं न्हाई. मला वाटलं, तुमच्यातली एकजन मागं राह्यली."

"काकू, आधी काय? भांडं का कड्या?"

"भांडं. व्हय, आधी भांडं."

मी तीनदा विचारलं. तीनदा तेच.

पातेल्यासकट पडलेली सुनंदा उठून दारापर्यंत गेली असती, तर दुधाची पावलं उमटली असती. मी आठवून पाहिलं. सकाळी आम्ही आत शिरलो तेव्हा हॉलच्या फरशीवर एक थेंब नव्हता.

संध्याकाळी तिने विचारलंच. "शाले, दार उघडं कसं गं? मी कड्या लावल्या होत्या ना?"

कड्या आपोआप उघडल्या म्हटलं असतं, तर ती त्या घरात परत एकटी झोपली नसती. तिचं घर सुटलं असतं.

"न्हाई लावल्यास," मी म्हटलं. "मीच म्हटलं, राहू दे, आत्ता येतो."

हेमा खिडकीबाहेर बघत राहिली. काकूंनाही मी गप्प राहायला सांगितलं.

परवा सुनंदाचा फोन आला. "मी आता दिवसा कड्या लावत नाही. काकूंचं लक्ष असतं. तुझ्या त्या सवयीनं वाचवलं मला." मी 'बरं' म्हटलं. खरं सांगून टाकावं असं रोज वाटतं, पण सांगणार काय? मलाच उत्तर सापडलेलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या बिनदाराच्या चौकटीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आता दुपारी एकटी असताना पडदा हलला की हातातलं काम थांबतं.

"कोन हाय?"

कुणी नसतं. तरी मी 'या' म्हणते. सुनंदाचं दार ज्याने उघडलं, त्याला बाहेर ताटकळत ठेवणं मला जमत नाही.